‘द हाय चॅपरल’मधील अपाची: इतिहास किती आणि पटकथा किती?

रामबागकर, इंदूर

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनमंडळाने यंदा पुस्तकांच्या जोडीला जुन्या परदेशी चित्रमालिकाही पाहायच्या असे ठरवले असून ‘द हाय चॅपरल’ या अमेरिकन मालिकेचा आरंभीचा भाग दाखवून त्यावर टिपण वाचण्याची जबाबदारी माझ्यावर आली आहे. एनबीसी वाहिनीवर ही मालिका सप्टेंबर १९६७ पासून मार्च १९७१ पर्यंत चालली आणि चार पर्वांत मिळून तिचे ९८ भाग झाले. कथानक १८७०च्या दशकातील ॲरिझोना प्रांतात, टूसॉन गावाच्या परिसरात घडते. जॉन कॅनन नावाचा करारी, काहीसा हेकट गृहस्थ पत्नी, मुलगा आणि धाकटा भाऊ यांना घेऊन त्या उजाड मुलखात गुरांचा रँच उभारायला येतो आणि पुरते बस्तान बसण्याआधीच अपाची या तिथल्या आदिवासींच्या बाणाने त्याची पत्नी मरण पावते. पुढे तो सीमेपलीकडच्या सोनोरा प्रांतातील डॉन सेबॅस्टियन माँटोया या बड्या जमीनदाराशी हातमिळवणी करतो, आणि ती पक्की व्हावी म्हणून डॉनची कन्या व्हिक्टोरिया हिच्याशी त्याचे लग्न लागते. तिचा भाऊ मॅनोलितो हाही मग रँचवरच मुक्काम ठोकतो.

सोयरीक हे तहाचे कलम असू शकते, हे होळकर, शिंदे आणि गायकवाड यांच्या मुलखात राहणाऱ्यांना वेगळे समजावून सांगायला नको, त्यामुळे हा भाग आमच्या सभासदांना लगेच पटेल. अडचण दुसरीकडे आहे. अपाची टेकडीवर दिसतात, हल्ला करतात आणि निघून जातात. ते का येतात, याचा उलगडा प्रेक्षकाला फारसा होत नाही. आमच्या मंडळात इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक आहेत आणि ते पहिला प्रश्न हाच विचारणार. कॅनन येण्यापूर्वी त्या मुलखात नेमके काय घडून गेले होते? गोरे वसाहतकार आणि मेक्सिकन जमीनदार यांची अशी युती खरोखर होत असे काय? आणि सगळे अपाची कोचीस नावाच्या एकाच सरदाराच्या हुकमात होते, अशी जी समजूत होते, तिला काही आधार आहे काय? मालिकेच्या निर्मितीविषयी सांगण्याजोगे काही असेल तर तेही हवे आहे. कथेची स्तुती मात्र पुरेशी जमली आहे.

महूकर

रामबागकर, तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो सुटला की बाकीचे सोपे होतात. अपाची हे एक राष्ट्र नव्हते आणि त्यांचा एक राजाही नव्हता. चिरिकावा, अराव्हाइपा, व्हाइट माउंटन, मेस्कलेरो अशा त्यांच्या वेगवेगळ्या शाखा होत्या आणि प्रत्येक शाखेत पुन्हा टोळ्या होत्या. एका टोळीने केलेल्या चोरीचे खापर दुसरीवर फोडले जाणे ही तिथली नित्याचीच बाब होती. कोचीसचे वैरही असेच सुरू झाले. १८६१ च्या आरंभी सोनोइटा खोऱ्यातील एका वसाहतकाराचा सावत्र मुलगा अपाचींनी पळवला. त्याचा माग काढायला निघालेल्या लेफ्टनंट जॉर्ज बॅसकमने कोचीसला अपाची खिंडीत बोलणीसाठी तंबूत बोलावले आणि मुलगा परत करीपर्यंत तू आमचा कैदी, असे त्याला सुनावले. कोचीसने मुलगा नेला नव्हता आणि तो शोधून देण्याची तयारीही त्याने दाखवली होती. तो सुरीने तंबूचे कापड फाडून निसटला. त्याचे नातलग मात्र लष्कराच्या हाती राहिले. त्यानेही काही अमेरिकन धरले, अदलाबदलीची बोलणी फिसकटली, कोचीसने आपले कैदी मारले आणि लष्कराने कोचीसच्या भावासह सहा अपाचींना झाडांना लटकवून फाशी दिले. तो पळवलेला मुलगा दुसऱ्याच अपाची शाखेत वाढला आणि पुढे मिकी फ्री या नावाने लष्कराचा दुभाषी झाला.

त्याच वर्षी अमेरिकेत यादवी पेटली आणि ॲरिझोनातील ठाणी उठवून फौज पूर्वेकडे गेली. आपण गोऱ्यांना पळवून लावले, असे अपाचींना वाटणे स्वाभाविक होते. परंतु १८६२ मध्ये कॅलिफोर्नियातून नवी फौज आली, अपाची खिंडीत तिने तोफा डागल्या आणि पाण्याच्या झऱ्याशेजारी बोवी ठाणे उभारले. पुढच्याच वर्षी मँगस कोलोराडस या वृद्ध सरदाराला तहाच्या मिषाने बोलावून कैदेत मारण्यात आले. कॅननची गाडी टूसॉनच्या वाटेला लागते ती या सगळ्यानंतर. तुमच्या प्राध्यापकांना एवढा घटनाक्रम दिलात तर पडद्यावरचा पहिला बाण अचानक आला असे त्यांना वाटणार नाही.

आता युतीविषयी. टूसॉन १८५४ पर्यंत मेक्सिकोत होते. गॅड्सडेन खरेदीने तो पट्टा अमेरिकेकडे आला, त्यामुळे सीमा नवी होती आणि नातीगोती जुनी होती. पीट किचन नावाचा खराखुरा रँचवाला आजच्या नोगालेसजवळ राहत होता. त्याची पत्नी सोनोराची, घराच्या भिंती जाड मातीच्या, गच्चीला कठडा आणि त्या कठड्याआड रात्रंदिवस पहारेकरी. त्याचा दत्तक मुलगा अपाचींच्या हल्ल्यात गेला, आणि त्याच्या डुकरांच्या पाठीत बाण रुतलेले असत अशी त्या काळची आठवण सांगतात. कॅननच्या पात्राच्या जवळ जाणारा माणूस हवा असेल तर तो हा. फक्त त्याच्या वाट्याला डॉन सेबॅस्टियनसारखा रुबाबदार सासरा आला नाही.

परंतु युतीची दुसरी बाजूही आहे आणि ती दाखवायला कोणत्याही मनोरंजक मालिकेला जड जाईल. १८७१ च्या वसंतात एस्किमिन्झिन या सरदाराचे अराव्हाइपा अपाची कॅम्प ग्रांट ठाण्याशेजारी लष्कराच्या आसऱ्याला येऊन राहिले होते. लेफ्टनंट रॉयल व्हिटमन त्यांना शिधा देत होता आणि बायका ठाण्याच्या घोड्यांसाठी गवत कापून आणत होत्या, त्याबद्दल त्यांना चिठ्ठ्या मिळत. ३० एप्रिलच्या पहाटे टूसॉनहून आलेल्या जमावाने या वस्तीवर झडप घातली आणि शंभराहून अधिक माणसे मारली; त्यांत जवळपास सगळ्या स्त्रिया आणि मुले होती, कारण पुरुष शिकारीला गेले होते. वाचलेली काही मुले पळवून नेण्यात आली आणि त्यांतली बरीच सोनोरात विकली गेली. या जमावात गोरे मूठभरच होते, मेक्सिकन त्यांहून बरेच अधिक, आणि सर्वांत मोठी संख्या अपाचींचे पिढीजात वैरी असलेल्या टोहोनो ओऑडम लोकांची होती. म्होरक्यांपैकी एक हेसूस मारिया एलियास हा अपाचींच्या हल्ल्यांत भाऊ गमावलेल्या जुन्या मेक्सिकन घराण्यातला होता. डिसेंबरात शंभर जणांवर खटला चालला आणि ज्यूरीने वीस मिनिटांच्या आत सगळ्यांना निर्दोष ठरवले. गोरे आणि माँटोया यांची युती प्रत्यक्षात कशी दिसे, याचे हे उत्तर आहे.

एक गोष्ट राहिली, ती पैशाची. फौजेला आणि सरकारने नेमून दिलेल्या आरक्षित प्रदेशातील अपाचींना लागणारे गोमांस, पीठ आणि मका ठेकेदारांकडून घेतले जाई, आणि रँचवाल्यांचे मोठे गिऱ्हाईक तेच होते. लढाई मिटली असती तर फौज कमी झाली असती आणि ठेकेही. तळे राखी तो पाणी चाखी, हा न्याय टूसॉनमध्येही चालत होता. कॅननची गुरे शेवटी कोण विकत घेतो, हे टिपणात एका वाक्यात का होईना, पण यावे असे मला वाटते.

स्नेहलतागंजची वाचिका

महूकरांनी इतिहासाची बाजू भक्कम मांडली आहे, तेव्हा मी पडद्याकडे वळते. डेव्हिड डॉर्टॉर्ट हा या मालिकेचा कर्ता. त्याच वाहिनीवर त्याची ‘बोनान्झा’ १९५९ पासून चालू होती आणि तिचा घरंदाज, सुरक्षित रँच प्रेक्षकांच्या अंगवळणी पडला होता. येथे त्याने मुद्दाम धुळीचा, घामाचा आणि आपसांत भांडणारा रँच घेतला. टूसॉनजवळच्या ओल्ड टूसॉन चित्रनगरीत आणि आसपासच्या वाळवंटात चित्रण झाले, त्यामुळे पात्रांच्या कपाळावरचा घाम रंगभूषेचा नाही. ही चित्रनगरी मुळात १९३९ साली एका चित्रपटासाठी उभारलेली होती आणि १९९५ च्या आगीत तिचा बराच भाग जळाला.

तिच्या आधीच्या परंपरेशी ताडून पाहिले तर मालिकेचे गुणदोष नीट दिसतात. चित्रपटगृहांत दर आठवड्याला एक प्रकरण दाखवणारे जे जुने धारावाहिक चित्रपट होते, त्यांत आदिवासी म्हणजे नायकाला कड्याच्या टोकापर्यंत नेण्याची सोय एवढेच असे; पुढच्या आठवड्यात नायक वाचे आणि आदिवासी पुन्हा नव्याने टेकडीवर उगवत. १९३९ च्या ‘स्टेजकोच’ चित्रपटातही जेरोनिमो या चिरिकावा अपाची योद्ध्याचे नाव धाक दाखवण्यापुरते येते, आणि गंमत अशी की ते चित्रण नाव्हाहो लोकांच्या मॉन्युमेंट व्हॅलीत झाल्यामुळे अपाची म्हणून दौडतात ते नाव्हाहो. १९५० च्या ‘ब्रोकन ॲरो’ने कोचीसला बोलका, विचारी माणूस म्हणून उभे केले, हे मोठेच पाऊल होते, तरी ती भूमिका ब्रुकलिनच्या जेफ चँडलरने केली आणि तिच्यासाठी त्याचे ऑस्करसाठी नामांकनही झाले. त्या कथेवरून पुढे निघालेल्या दूरचित्रवाणी मालिकेत कोचीस झाला तो सीरियात जन्मलेला मायकेल अन्सारा.

‘द हाय चॅपरल’चे खरे बळ मला अपाचींच्या चित्रणात दिसत नाही, ते माँटोयांच्या घरात दिसते. त्या काळच्या अमेरिकन मालिकांत मेक्सिकन माणूस म्हणजे दरोडेखोर किंवा आचारी. येथे एक अख्खे घराणे आपला मान, आपला विनोद आणि आपला मतलब घेऊन वावरते. व्हिक्टोरिया झालेली लिंडा क्रिस्टल अर्जेंटिनाची. या भूमिकेसाठी तिला गोल्डन ग्लोब मिळाला. मॅनोलितो झालेला हेन्री डॅरो न्यूयॉर्कमध्ये पोर्तो रिकोच्या आईवडिलांच्या पोटी जन्मला होता, आणि डॉन सेबॅस्टियन झालेला फ्रँक सिल्व्हेरा मूळचा जमैकाचा. तेव्हा मेक्सिकोचे असे यांपैकी कोणीच नाही. पण लॅटिन अमेरिकी नटांना सन्मानाच्या भूमिका मिळाव्यात म्हणून पुढे जी चळवळ झाली, तिच्यात डॅरो आघाडीवर होता, हे विसरू नये. सिल्व्हेराचा १९७० मध्ये घरातील यंत्र दुरुस्त करताना विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला आणि मालिकेला डॉनचाही मृत्यू दाखवावा लागला. चौथ्या पर्वात कॅननचा मुलगाही दिसत नाही. माझ्या मते मालिका तिथून खालावली, पण रामबागकर आरंभीचाच भाग दाखवणार असल्यामुळे त्याची चिंता नको.

अपाचींविषयी एवढेच म्हणते, की कॅमेरा कॅननच्या अंगणात उभा आहे. त्या अंगणातून घोडेस्वार दिसतो, पण खड्डा खणून, दगड तापवून, घायपाताचे गड्डे भाजणाऱ्या अपाची बायका दिसत नाहीत, आणि त्या दिसल्या नाहीत की मग माणसे केवळ लढायलाच जन्मली होती असे वाटू लागते.

निमाडचा प्रवासी

चर्चा वाचून राहवले नाही म्हणून लिहितो. इंदुरात बसून ही मालिका पाहायची तर इंग्रजांशी झुंजलेल्या टंट्या भिल्लाची आठवण काढल्याशिवाय टिपण पुरे कसे होईल? जेरोनिमो १८८६ मध्ये शरण आला आणि टंट्याला ४ डिसेंबर १८८९ रोजी जबलपुरात फाशी झाली, म्हणजे काळ अगदी लगतचा आहे. पातालपाणीला त्याच्या स्थानापाशी गाडी थांबत असे, हे आपल्याकडच्या प्रत्येक प्रवाशाला ठाऊक आहे. कॅम्प ग्रांटची कत्तल १८७१ सालची, आणि हिंदुस्थानात जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवणारा कायदाही १८७१ चाच. वेस्टर्न चित्रपटांतील अपाची आणि इंग्रजी कागदपत्रांतील भिल्ल यांत मला तरी फरक दिसत नाही. मंडळात हे मांडावे, अशी विनंती आहे.

महूकर

निमाडच्या प्रवाशांचा मुद्दा मनाला भिडणारा आहे, परंतु तो थोडा बेताने मांडावा. साम्य आहे ते राज्यकर्त्यांच्या रीतीत. इंग्रजांनी १८२५ मध्ये आउट्रमच्या हाताखाली खानदेशात भिल्ल पलटण उभारली आणि डोंगरातल्या माणसांनाच डोंगर राखायला लावले. १८७१ मध्ये ॲरिझोनात आलेल्या जनरल जॉर्ज क्रूकने अपाचींच्या मागावर अपाची टेहळेच धाडले. इथवर तुलना चालते. पुढे मात्र वाटा वेगळ्या होतात. टंट्या गेला तरी भिल्ल निमाडात आणि झाबुआत आपल्या जागी राहिले. चिरिकावांचे तसे झाले नाही. जेरोनिमोच्या चाळीसहून कमी माणसांमागे सुमारे ५,००० सैनिक लावून जनरल माईल्सने ४ सप्टेंबर १८८६ रोजी त्याला शरण आणले, आणि त्यानंतर सगळे चिरिकावा, म्हणजे शांतपणे शेती करणारेसुद्धा, आगगाडीत बसवून फ्लोरिडाला युद्धकैदी म्हणून पाठवले. ज्या दोन चिरिकावा टेहळ्यांनी जेरोनिमोला शरण येण्यास राजी केले, तेही त्याच गाडीत होते. मुले पेनसिल्व्हेनियातील कार्लाइलच्या शाळेत नेली गेली, अनेक जण क्षयाने गेले, आणि उरलेल्यांची कैद अलाबामा व ओक्लाहोमा करीत १९१३ मध्ये संपली. जेरोनिमो स्वतः १९०९ मध्ये कैदेतच वारला. कायद्याने गुन्हेगार ठरवणे आणि अख्खी जमात मुलखातून उपटून काढणे हे दोन वेगळे जुलूम आहेत आणि ते वेगळे सांगितले म्हणजे दोघांनाही न्याय मिळतो.

माझी नोकरी संदेशवहनात गेली, म्हणून एक तारेची हकीकतही सांगून टाकतो. लष्करी तार १८७३ मध्ये टूसॉनला पोहोचली आणि अपाची ती तोडू लागले. पण नुसती तोडून ठेवत नसत, तर तुटलेल्या जागी कातड्याची बारीक वादी बांधून ठेवत, म्हणजे खालून घोड्यावरून जाणाऱ्या दुरुस्तीवाल्याला तार अखंडच दिसे. याहून मोठा घोटाळा १८८५ चा. मक्यापासून बनवलेले टिझविन नावाचे मद्य लष्कराने बंद केले होते. मे महिन्यात सरदारांनी ते उघडपणे पिऊन लेफ्टनंट ब्रिटन डेव्हिसला विचारले, की आता सगळ्यांना तुरुंगात टाकणार काय? डेव्हिसने क्रूकला तार केली. ती वरिष्ठांच्या मार्फत जायची असल्याने सॅन कार्लोस या अपाचींच्या आरक्षित प्रदेशावरील कॅप्टनकडे आली. कॅप्टन नवखा, त्याने टेहळ्यांचा प्रमुख अल सीबर याला उठवून विचारले. सीबर रात्रीच्या पिण्याने जड झालेला होता आणि हे नेहमीचेच आहे, डेव्हिस पाहून घेईल, असे म्हणून पुन्हा झोपला. तार फायलीत गेली. क्रूकचे उत्तर येत नाही म्हणजे काहीतरी शिजते आहे, असे समजून जेरोनिमो पळाला. क्रूकच्या हाती ती तार पडली तेव्हा कित्येक महिने उलटले होते. सरकारी कचेरीत आयुष्य काढलेल्या आपल्या सभासदांना ही गोष्ट मालिकेच्या कोणत्याही भागापेक्षा खरी वाटेल.

रामबागकर, इंदूर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आता टिपणाची मांडणी मनाशी पक्की होत आहे. चित्रण सुरू करण्यापूर्वी बॅसकमच्या तंबूची घटना वाचायची, म्हणजे कॅननच्या पत्नीला लागणाऱ्या बाणामागची दहा वर्षे प्रेक्षकांच्या हाती असतील. लग्नाच्या प्रसंगानंतर मध्यंतर घेऊन त्या वेळी पीट किचनचे घर आणि कॅम्प ग्रांट ही दोन प्रकरणे सांगायची. टंट्याचा उल्लेख करीन, परंतु महूकरांनी दाखवलेला भेद राखूनच. स्नेहलतागंजच्या ताईंना विनंती, की माँटोया घराण्यावर दहा मिनिटे त्यांनीच बोलावे. एक शंका उरते: कोचीसचे शेवटी काय झाले, हे कोणीतरी विचारणारच.

महूकर

ते मध्यंतरात न सांगता अखेरीस सांगा. १८७२ च्या शरदात जनरल ऑलिव्हर हॉवर्ड, ज्याचा एक हात यादवी युद्धात गेला होता, तो फौज न घेता ड्रॅगून डोंगरात कोचीसला भेटायला गेला आणि त्याला नेणारा वाटाड्या होता टॉम जेफर्ड्स, कोचीसचा गोरा स्नेही. कोचीसला त्याच्याच डोंगरात आरक्षित प्रदेश मिळाला आणि जेफर्ड्स तिथला अधिकारी झाला. ॲरिझोनात कोचीसने शब्द पाळला. सोनोरावरच्या धाडी मात्र थांबल्या नाहीत, कारण मेक्सिकोशी तह झालेला नव्हता, आणि डॉन सेबॅस्टियनसारख्यांची डोकेदुखी तशीच राहिली. तेव्हा मालिकेतला एखादा प्रसंग १८७२ नंतरचा मानला तर तिथे कोचीस कॅननवर चालून येणे बसत नाही. तो जून १८७४ मध्ये वारला, त्याला त्याच डोंगरात पुरले आणि ती जागा जेफर्ड्सने कोणाला दाखवली नाही. दोनच वर्षांनी, १८७६ मध्ये, सरकारने आरक्षित प्रदेश रद्द करून त्याच्या माणसांना सॅन कार्लोसच्या उष्ण, मलेरियाग्रस्त सपाटीवर हलवले, आणि जेरोनिमोची गोष्ट तिथून सुरू होते.

तारेची हकीकत टिपणात घालू नका. ती मी स्वतः येऊन सांगेन. महूहून संध्याकाळची बस मिळते, फक्त परतीची सोय कोणीतरी पाहावी.

स्नेहलतागंजची वाचिका

दहा मिनिटे मला कबूल आहेत. परतीच्या वेळी आमची गाडी राऊपर्यंत जाणारच आहे, महूकर काकांना पुढे महूपर्यंत सोडू.